फियाटचे धुराडे

सायलेन्सर पडला तो सज्जनराव सर्कलच्या अलीकडच्या हम्पवर. बेंगळुरूत स्पीडब्रेकरला हम्प म्हणतात आणि ते गल्लोगल्ली आहेत. आमची फियाट ११००, १९६४ सालची, तशी खाली बसकीच. त्यात मागे तिघे बसलेले. पुढची चाके गेली, मागची चढली आणि पोटाखाली काहीतरी तुटल्याचा आवाज आला. पाठोपाठ इंजिन ट्रॅक्टरसारखे गरजायला लागले. खाली वाकून पाहिले तर पुढचा पाइप जिथे सायलेन्सरला मिळतो तिथला जोड पूर्ण सुटला होता. सायलेन्सर मागच्या एका पट्टीवर लोंबकळत रस्त्याला टेकला होता. समोर इमारतीचे काम चालू होते. तिथल्या गवंड्याने सळया बांधायची तार आणून दिली, आम्ही दोघांनी मिळून तो लोंबता भाग वर बांधला आणि तसेच गरजत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी एक चूक केली, आणि या प्रकरणातले पुढचे सगळे त्या चुकीतून आले आहे. सायलेन्सर काढला, शेपटीचा पाइप काढला. दोन्हींची अवस्था अशी की बोटाने दाबले तरी पापुद्रे सुटावेत. हे आता कशाला ठेवायचे, म्हणून दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकले. तिसऱ्या दिवशी जे. सी. रोडवर गेलो. दुकानाच्या गल्ल्यावरच्या अण्णांना गाडीचे नाव सांगितले, साल सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि एकच प्रश्न विचारला, ‘हळे पीस इदेया?’ जुना तुकडा आहे का?

तो नव्हता. त्यानंतर तीन आठवडे मी जे शोधत हिंडलो तो खरे तर सायलेन्सर नव्हताच. मी एका वळणदार पाइपचा हरवलेला आकार शोधत होतो.

*

गाडीच्या धुराड्याला आपण सरसकट सायलेन्सर म्हणतो, पण तो त्यातला एक भाग. इंजिनाला चिकटलेला, बोटांसारख्या फांद्या असलेला बिडाचा भाग म्हणजे मॅनिफोल्ड. त्याच्या तोंडाशी पॅकिंग आणि फ्लँज. तिथून खाली उतरणारा पुढचा पाइप. मग सायलेन्सरचा डबा. मग मागच्या ॲक्सलला वळसा घालून बाहेर निघणारा शेपटीचा पाइप. या सगळ्याला गाडीच्या पोटाशी टांगणाऱ्या पट्ट्या, रबरे आणि क्लॅम्प. जुन्या गाडीत यातला प्रत्येक भाग वेगळ्या कारणाने मरतो आणि वेगळ्या ठिकाणी मिळतो. म्हणून बाजारात जाण्याआधी नेमके काय गेले आहे ते ठरवावे लागते.

चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० वेळा एकेक झडप उघडते आणि दाबाखालचा तप्त वायू बाहेर फेकला जातो. म्हणजे सेकंदाला १०० छोटे स्फोटच ऐकू यायला हवेत. ते ऐकू येत नाहीत, कारण डब्याच्या आत पत्र्याचे पडदे आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात, तिथून उलट फिरून तिसऱ्यात जातो. प्रत्येक भिंतीवर आपटून परतलेली ध्वनीची लाट मागून येणाऱ्या लाटेशी भिडते, आणि बराचसा आवाज आतल्या आत मिटतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली अशा डब्याचे पेटंट घेतले. एवढ्या वर्षांत त्याचे मूळ तत्त्व फारसे बदललेले नाही, आणि हे जुन्या गाडीवाल्याच्या पथ्यावर पडते. साध्या पत्र्याचा, साध्या वेल्डिंगचा हा डबा चांगला कारागीर आजही हाताने बनवू शकतो.

मग हा डबा सडतो कशाने? बहुतेकांना वाटते, पावसाने. बाहेरच्या चिखलपाण्याचा वाटा असतोच, पण खरा शत्रू आतून येतो. पेट्रोल हे हायड्रोकार्बन. त्यातला हायड्रोजन जळला की पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा साधारण एक लिटर पाणी धुराड्यातून बाहेर जाते. गाडी लांब चालली की सगळा पाइप तापतो आणि ते पाणी वाफ होऊन निघून जाते. पण गाडी घरातून भाजीबाजारापर्यंत आणि परत एवढीच फिरली तर मागचा थंड भाग तापतच नाही. वाफ तिथे निवते, धुरातल्या गंधकाशी आणि इतर वायूंशी मिळून आम्लयुक्त पाणी होते आणि डब्याच्या तळाशी साचून राहते. म्हणूनच पुढचा पाइप टिकतो, मागचा डबा आधी जातो. आठवड्यातून एकदा दोन किलोमीटर फिरवलेली लाडकी गाडी रोज पन्नास किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीपेक्षा लवकर सायलेन्सर खाते.

बेंगळुरूची आणखी एक गोष्ट आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी विरळ. मुंबईच्या हवेत जुळवलेला कार्बोरेटर इथे आणला की हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडते, मिश्रण घट्ट होते आणि धुराड्यात काजळी धरते. आमची गाडी पुण्याहून आली. पुण्याच्या ५६० मीटरवरून इथे आल्यावर वर्षभरातच शेपटीच्या तोंडाशी मखमलीसारखा काळा थर दिसायला लागला होता. तेव्हाच जेट तपासायला हवे होते. त्या बदल्यात या शहरात समुद्राची खारी हवा नाही. इथल्या जुन्या गाड्यांचा पत्रा मुंबईच्या गाड्यांपेक्षा चांगला राहिलेला दिसतो, त्याचे मोठे कारण हेच.

*

जुन्या गाडीचा भाग मिळेल की नाही हे गाडी किती जुनी आहे यापेक्षा ती टॅक्सी होती का यावर ठरते. मला ही गोष्ट उशिरा उमगली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्याआधी १९४० साली, म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन, याच बेंगळुरूत त्यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टची पायाभरणी केली होती. मोटारीचे स्वप्न इथल्या सर एम. विश्वेश्वरय्यांचेही होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे हेच ते विश्वेश्वरय्या. १९३५ साली ते मोटार कारखान्याची योजना डोक्यात घेऊन युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून आले होते. कारखाना अखेर कुर्ल्याला झाला. १,०८९ सीसीचे इंजिन असलेली फियाट ११०० तिथे पन्नासच्या दशकात बनू लागली, सत्तरच्या दशकात तीच प्रीमियर पद्मिनी झाली आणि शतक संपेपर्यंत बनत राहिली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीने तिला घरोघरी पोचवले. टॅक्सीवाल्याला गाडी एक दिवसही बंद ठेवणे परवडत नाही. त्याच्या गरजेपोटी सायलेन्सर, पॅकिंग, क्लॅम्प बनवणारे शेकडो छोटे कारखानदार जगले. आमच्यासारख्या हौशी मालकांना इतकी वर्षे स्वस्तात भाग मिळाले ते त्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. मागणी त्याच्या बरीच आधी आटली होती.

ॲम्बेसेडरचेही तसेच. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ही गाडी उत्तरपाड्याला २०१४पर्यंत बनत होती. सरकारी कचेऱ्या आणि टॅक्सी यांनी तिला वाढवले, आणि जे. सी. रोडवर तिचा सायलेन्सर आजही विचारला तर नवल वाटत नाही. उलट मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड घ्या. देखणी गाडी, पण टॅक्सीच्या रांगेत ती रुजली नाही. आणि खुद्द बेंगळुरूची सिपानी डॉल्फिन? ऐंशीच्या दशकात इथे फायबरच्या बॉडीची, ८४८ सीसीच्या इंग्लिश रिलायंट इंजिनाची ही छोटी गाडी बनत होती. आज याच शहरात तिचे धुराडे शोधणे मुंबईच्या फियाटचे धुराडे शोधण्यापेक्षा कठीण आहे. जन्मगावाचा इथे काही उपयोग होत नाही.

*

टाउन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणारा जे. सी. रोड म्हणजे जयचामराजेंद्र रोड, म्हैसूरच्या शेवटच्या महाराजांच्या नावाचा. दोन्ही बाजूंना सुट्या भागांची दुकाने, गल्ल्यांत सीट शिवणारे, काच बसवणारे, पत्रा ठोकणारे. इथे पद्मिनीचा सायलेन्सर मिळाला. तयार, काळा रंग दिलेला, डब्यावर कुठल्याच कंपनीचे नाव नाही. पद्मिनी माझ्या गाडीपेक्षा कितीतरी नंतरची. पण इंजिन त्याच घराण्यातले, त्यामुळे डब्याचे पोट चालणार होते. प्रश्न दोन्ही टोकांच्या नळ्यांचा आणि टांगायच्या पट्ट्यांच्या जागेचा होता.

इथे मापाचा एक घोळ सांगून ठेवतो. यात अनेकांचे पैसे जातात. नळकामाचा ‘दीड इंची’ पाइप आणि धुराड्याचा ‘दीड इंची’ पाइप वेगळे. नळाच्या पाइपाचे माप नावापुरते आतल्या पोकळीचे असते. त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर भरतो. धुराड्याची नळी मात्र बाहेरून मोजतात. दीड इंच म्हणजे ३८.१ मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानातून पाइप आणून वेल्डरपुढे ठेवला की दहा मिलिमीटरचा फरक समोर येतो, आणि तो जाड पाइप वाकवताना सगळे घामाघूम होतात ते वेगळेच. व्हर्नियर कॅलिपर बरोबर ठेवावा, बाहेरचा व्यास घ्यावा, आणि तोही गंज खरवडून. गंज फुगतो. गंजलेल्या नळीचे माप सहज एक-दीड मिलिमीटर जास्त येते.

मोठी नळी घातली तर इंजिन मोकळा श्वास घेईल, असे एका गॅरेजात मला मोठ्या आत्मविश्वासाने सांगण्यात आले. दुसऱ्या गॅरेजात सांगितले की इंजिनाला थोडा मागचा दाब लागतोच, नळी बारीक ठेवा. दोन्ही सल्ले मला पटत नाहीत. इंजिनाला मागचा दाब कधीच नको असतो. पण नळी फार रुंद झाली तर वायूचा वेग मंदावतो, आधीच्या झोताने पुढच्या झोताला ओढून घ्यायचे ते घडत नाही आणि कमी फेऱ्यांवर गाडी मंद वाटते. आवाज पोकळ होतो तो निराळाच. ज्यांनी ते इंजिन बनवले त्यांनी नळीचा व्यास हिशेबाने ठरवला होता. तोच ठेवावा.

*

कोल्हापूरच्या वाचकाला गुजरी म्हटले की सराफांची पेढी आठवेल. बेंगळुरूत गुजरी म्हणजे भंगार बाजार. कन्नडमध्ये हा शब्द मोडीत काढलेल्या मालाला चिकटला आहे. शिवाजीनगरात, रसेल मार्केटपासून चालत जाण्याच्या अंतरावर, गाड्या सुट्या करणाऱ्यांच्या गल्ल्या आहेत. दरवाजे एकावर एक रचलेले, गिअरबॉक्स पाटासारखे मांडलेले, छताला टांगलेल्या स्टिअरिंगच्या चक्रांच्या माळा. इथली बोली दखनी. मराठी माणसाला ती दहा मिनिटांत आपली वाटू लागते. आपला ‘नको’ तिथे ‘नक्को’ होऊन बसला आहे.

गुजरीत सायलेन्सर घेऊ नये. दुसऱ्याच्या गाडीत जो आतून सडत आला आहे तो आपल्या गाडीत आणून काय साधणार? पण जे गंजत नाही किंवा हळू गंजते ते इथेच शोधावे. मॅनिफोल्ड, बिडाचे फ्लँज, जाड पट्ट्यांचे ब्रॅकेट, जुन्या मापाचे नटबोल्ट. मला एका ढिगात फियाटचा मूळ फ्लँज मिळाला. त्याच्या भोकांतल्या अंतरावरून पुढच्या पाइपचा सगळा हिशेब लागला. दुकानातल्या वयस्क भाईंना माझी भंगारवाल्याची गोष्ट सांगितली तेव्हा ते हळहळले. म्हणाले, ‘पुराना पीस कभी फेंकना नक्को, साब. वोइच तो नक्शा है.’

नटबोल्टांचा विषय निघाला म्हणून मॉरिसची एक हकिकत सांगतो. १९२३ साली मॉरिसने कॉव्हेंट्रीचा हॉचकिस हा इंजिनांचा कारखाना घेतला. तो मूळचा फ्रेंच, त्यामुळे तिथली यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी. पण इंग्लंडातल्या मिस्त्र्यांकडे पाने व्हिटवर्थ मापाचे. मग बोल्टाचा आटा मेट्रिक आणि डोके व्हिटवर्थ असा संकर जन्माला आला आणि पुढे कित्येक वर्षे चालला. मॉरिस टेनच्या पिढीतल्या गाडीचा मॅनिफोल्ड उघडताना व्हिटवर्थ पाना बसतो म्हणून कुणी व्हिटवर्थचा नवा नट आणतो, तो दोन आटे जातो आणि अडकतो. जोर लावला की बिडातला आटा गेला. भारतातली हिंदुस्थान टेन याच मॉरिस टेनवर बेतलेली होती. अशा गाडीचा एकेक जुना नट कापडाच्या पिशवीत, चिठ्ठी लावून ठेवावा. आटे मोजायचा पिच गेज दोनशे-तीनशे रुपयांत येतो आणि आयुष्यभर पुरतो.

*

आता हरवलेल्या आकाराकडे येतो. शेपटीचा पाइप सरळ नसतो. सायलेन्सरमधून निघून तो वर चढतो, ॲक्सलच्या वरून जातो, पाटे आणि पेट्रोलची टाकी यांच्यामधून वाट काढतो आणि खाली उतरून मागे निघतो. तीन-चार वळणे, आणि ती सगळी एकाच पातळीत नाहीत. फोटोवरून ती कळत नाहीत. शेवटी जुन्या गाड्यांच्या एका रविवारच्या मेळाव्यात माझ्याच पिढीची फियाट दिसली. मालकांना, सत्तरीच्या एका निवृत्त इंजिनिअर काकांना, माझी अडचण सांगितली. त्यांनी एका शब्दात घरी बोलावले.

त्यांच्या गॅरेजात पिट, म्हणजे गाडीखाली उतरायचा खड्डा, होता. हे महत्त्वाचे ठरले. गाडी बॉडीखाली जॅक लावून उचलली की ॲक्सल खाली लोंबतो आणि पाइप व ॲक्सल यांच्यात भरपूर जागा आहे असा भास होतो. रस्त्यावर गाडी चाकांवर उभी असते, खड्ड्यात ॲक्सल वर येतो आणि ती जागा संपते. म्हणून आकार घ्यायचा तर चाके जमिनीवर ठेवून, खालून. मी पिटमध्ये उतरलो. चार मिलिमीटरची मऊ लोखंडी सळी पाइपच्या मध्यरेषेच्या बाजूने ठेवत, हाताने वाकवत गेलो. पहिले वळण झाले की खडूने खूण करायची, पाइपच्या आधाराला धरून पाहायची, मग पुढचे. काका वरून टॉर्च धरून उभे. दीड तासात सळी तयार झाली. तिला सुतळीने तीन कागदी चिठ्ठ्या बांधल्या. एकीवर ‘वर’, दुसरीवर ‘डावीकडे’, तिसरीवर ‘ॲक्सलपासून अडीच इंच’. त्या चिठ्ठ्या नसत्या तर घरी पोचेपर्यंत सळीची कुठली बाजू वर हे मला सांगता आले नसते.

पाइप वाकवण्याचे दोन मार्ग इथे आहेत. पीण्या ही आशियातल्या मोठ्या लघुउद्योग वसाहतींपैकी एक. तिथे संगणकावर चालणारी बेंडिंग यंत्रे आहेत. पाइपच्या आत मँड्रेल नावाचा दांडा सरकतो, त्यामुळे वळणावर नळी चेपत नाही. पण एका पाइपासाठी यंत्र लावायला बहुतेक जण तयार नसतात. दुसरा मार्ग जुना आहे आणि मला तोच मिळाला. नळी कोरड्या वाळूने ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या ठोकायच्या, वळणाची जागा लालबुंद तापवायची आणि सळीशी जुळवत हळूहळू वाकवायची. वाळू आतून भिंतीला आधार देते. वाळू मात्र आधी तव्यावर भाजून घेतलेली हवी. ओली राहिली तर वाफ होऊन खुंटी गोळीसारखी उडते. मिस्त्रींनी ती दोनदा भाजली. चार वळणांना त्यांनी पूर्ण दुपार घेतली, आणि प्रत्येक वळणानंतर पाइप थंड होऊ देऊन माझी सळी त्यावर ठेवून पाहिली.

*

या सगळ्यात मॅनिफोल्डला एक तडा निघाला. बिडाचा भाग हजारो वेळा तापतो, निवतो, आणि कुठल्यातरी कोपऱ्यात केसासारखी रेघ पडते. गाडी थंड असताना ‘टिक टिक’ असा आवाज येतो आणि तापल्यावर थांबतो, कारण धातू फुगून फट बुजते. रेघेभोवती काजळीचा डाग असतो.

बिडाला साधे वेल्डिंग चालत नाही. त्यात तीन-चार टक्के कार्बन असतो. वेल्डचा गरम भाग झटकन निवला की तिथे कठीण, ठिसूळ थर तयार होतो आणि टाक्याच्या शेजारीच नवा तडा जातो. जाणता मिस्त्री आधी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडतो, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग सगळा भाग भट्टीत तापवतो, निकेलच्या कांडीने इंच-इंच टाके घालतो, प्रत्येक टाका हातोडीने हलका ठोकतो आणि शेवटी सगळे राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर ठेवतो. हे शेवटचे पुरणे सोडून दिले की बाकीची मेहनत फुकट जाते.

माझा तडा वेल्डिंगपलीकडचा होता. पुण्याला जाता-येता बेळगाव लागते. उद्यमबागेच्या परिसरात ओतकामाचे कारखाने भरपूर, आणि मराठीत बोलून काम सांगता येते हा दिलासा. एका फाउंड्रीत जुना मॅनिफोल्ड दिला आणि असाच दुसरा ओतून द्या म्हटले. त्यांनी तो जसाच्या तसा वाळूत दाबून साचा केला. आलेला नवा भाग देखणा होता आणि गाडीला बसत नव्हता. वितळलेले बीड निवताना साधारण एक टक्का आकसते. शेवटच्या दोन स्टडमध्ये ३०० मिलिमीटर अंतर असेल तर नव्या भागात ते २९७ भरते. मधली भोके जुळतात, टोकाची जुळत नाहीत. म्हणून ओतकामासाठी लाकडी पॅटर्न करणारा कारागीर आकसण्याचे माप धरलेली खास पट्टी वापरतो, आणि फ्लँजच्या तोंडावर नंतर घासायला दोन-तीन मिलिमीटर जाडी वाढवून ठेवतो. दुसऱ्यांदा काम तसे करून घेतले. जुना मॅनिफोल्ड यावेळी माप घ्यायला होता, साचा करायला नव्हता. तो आजही माझ्या कपाटात आहे.

*

कशाचा पाइप घ्यावा? साधे पोलादी पत्रे मूळचे. स्वस्त, वेल्डिंगला सोपे, आवाज मूळचाच, पण इथल्या वापरात काही वर्षांत जातात. ३०४ जातीचे स्टेनलेस, ज्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, बहुधा गाडीपेक्षा जास्त टिकेल. त्याचा आवाज जरा धातूसारखा खणखणतो, आणि ते तापल्यावर साध्या पोलादापेक्षा अधिक लांबते. दोन मीटरचा पाइप ४०० अंशांनी तापला तर साधे पोलाद साडेनऊ मिलिमीटर वाढते, ३०४ साडेतेरा. ही वाढ कुठेतरी जायला हवी. म्हणून धुराडे गाडीला रबरावर टांगतात. पट्टी थेट बॉडीला वेल्ड केली की वर्षभरात एकतर पट्टी तुटते किंवा मॅनिफोल्डचा फ्लँज चिरतो. मी सायलेन्सरच्या मागचा पाइप ३०४चा केला, कारण पाणी तिथे साचते. पुढचा साधाच ठेवला. मॅनिफोल्डच्या फ्लँजला पितळी नट लावले. लोखंडी नट त्या उष्णतेत स्टडला जखडतो आणि पुढच्या वेळी स्टड मोडूनच निघतो.

जुने पॅकिंग खरवडताना एक काळजी घ्यावी. त्या काळची मॅनिफोल्डची पॅकिंग तांबे आणि ॲस्बेस्टॉसची असत. ती कोरडी घासली की ॲस्बेस्टॉसचे न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात कायमचे बसतात. पाण्याने भिजवून, तोंडाला चांगला मास्क लावून काढावीत. नवे ग्रॅफाइटचे घ्यावे.

आणि गळती अंगावर काढू नये. जुन्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. पीयूसीतही अशा जुन्या पेट्रोल गाड्यांना ३ टक्क्यांपर्यंत सूट आहे. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. फ्लोअरचा पत्रा गंजून भोक पडलेले असेल आणि खाली जोड गळत असेल तर काचा लावून बसलेल्या माणसांना आधी डोके दुखते, मग झोप येते. सिग्नलला दहा-दहा मिनिटे उभे राहायच्या या शहरात हे फार जवळचे संकट आहे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १५ जुलै २०२१च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती दहा वर्षे चालते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. सायलेन्सर बदलणे त्यात येत नाही. मात्र अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर.

*

एका शनिवारी सकाळी सगळे जोडले. क्लॅम्प आधी सैल, सगळे भाग आपापल्या जागी स्वस्थ बसू दिले, मग पुढून मागे एकेक आवळत आलो. ॲक्सल आणि पाइप यांच्यात अडीच इंच. काकांच्या गाडीत होते तेवढेच. मागे चार माणसे बसवून पुन्हा मोजले.

इंजिन सुरू केले. जाड कापडाची घडी हातमोजा घातलेल्या हाताने शेपटीच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबून धरली. कुठे गळत असेल तर अशा वेळी तिथून फुसफुस ऐकू येते. पिटमध्ये उतरलेला मुलगा म्हणाला, बाबा, कुठेच नाही. कापड काढले. तोंडातून पाण्याचे थेंब पडायला लागले, आधी दोन-चार, मग धार म्हणावी इतके, जमिनीवर करड्या रंगाचे ओघळ. गाडी घेऊन तुमकूर रोडला लागलो. चाळीस किलोमीटर गेल्यावर एका टपरीपाशी थांबून मागे जाऊन पाहिले. शेपटीचे तोंड कोरडे होते.